ट्रेडच्या अफवा: आधी करार वाचा, मग बातमी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, मुलगा न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आहे आणि त्याला आवडत्या खेळाडूचं नाव छापलेली जर्सी हवी आहे. पण जुलै लागल्यापासून फोनवर रोज नवं काहीतरी येतं: हा जाणार, तो येणार, अमुक संघ सगळं विकायला काढणार. संघ एकमेकांशी खेळाडूंची देवाणघेवाण करतात त्याला ट्रेड म्हणतात, आणि या त्याच्याच अफवा. वडील विचारतात की यातल्या कुठल्या बातम्यांवर विश्वास ठेवायचा, आणि जर्सी आत्ता घ्यायची की थांबायचं?

जर्सीचं उत्तर पुढे येईल. आधी प्रश्न जरा फिरवून घेऊ, कारण ‘बातमी खरी की खोटी’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. जुलैतल्या बहुतेक अफवा एका अर्थाने खऱ्याच असतात. तीस संघ आहेत आणि प्रत्येकाचं कार्यालय उरलेल्या एकोणतीसांना फोन करतं. ‘अमुक पिचरबद्दल यँकीजनी विचारणा केली’ ही बातमी जवळपास कुठल्याही पिचरबद्दल (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) दिली तरी खोटी ठरणार नाही. स्थळाची चौकशी झाली म्हणजे लग्न ठरलं असं आपण धरत नाही, तसंच इथे. विचारायला हवेत ते प्रश्न दोन: हा खेळाडू विकण्याचं कारण त्याच्या संघाकडे आहे का? आणि ही बातमी बाहेर आल्याने फायदा कोणाचा होतो? पहिल्याचं उत्तर खेळाडूच्या करारात मिळतं, दुसऱ्याचं बातमीच्या शब्दरचनेत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बातमी दिसली की आधी करार पाहायचा. वार्षिक पगार, उरलेली वर्षं आणि नो-ट्रेड क्लॉज (ट्रेड नाकारण्याचा हक्क देणारं कलम) या तिन्ही गोष्टी इंटरनेटवर फुकट मिळतात आणि दोन मिनिटांत बघून होतात.

क्रिकेटवरून बेसबॉलकडे आलेल्यांसाठी एक खुलासा. आयपीएलमध्ये ट्रेड हंगामाबाहेर होतात आणि त्याला खेळाडूची संमती लागते. मेजर लीग बेसबॉलमध्ये ऐन हंगामात, सामना चालू असतानासुद्धा, खेळाडूला न विचारता त्याला दुसऱ्या शहरात पाठवता येतं. अपवाद आहेत, पण थोडे. अफवांचा एवढा गदारोळ त्यामुळेच.

आता मुदत, म्हणजे ट्रेडची ‘डेडलाइन’. १९८६ पासून ती ३१ जुलै मानली जायची. २०२२ च्या कामगार करारानंतर २८ जुलै ते ३ ऑगस्टच्या दरम्यान तारीख ठरवण्याचा अधिकार आयुक्तांना मिळाला. २०२२ मध्ये ती २ ऑगस्ट होती, २०२३ मध्ये १ ऑगस्ट, २०२४ मध्ये ३० जुलै आणि २०२५ मध्ये ३१ जुलै. वेळ पूर्व अमेरिकेतली संध्याकाळी ६ची, म्हणजे पुण्यात जागणाऱ्यांसाठी पहाटेचे साडेतीन. पूर्वी ऑगस्टमध्येही वेव्हर्सच्या (खेळाडू आधी इतर संघांपुढे ठेवण्याच्या) वाटेने ट्रेड होत असत. जस्टिन व्हर्लँडर २०१७ मध्ये ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना टायगर्सकडून अॅस्ट्रोजकडे गेला आणि त्या संघाने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. २०१९ पासून ती वाट बंद आहे. दार एकच उरल्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत चेंगराचेंगरी होते.

तिला आणखी एक कारण आहे. २०२२ पासून पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, दोन्ही लीगचे प्रत्येकी सहा, एकूण बारा संघ जातात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या जागेपासून चार-पाच सामने मागे असलेले संघ ढिगाने असतात, आणि ‘आम्ही विकतोय’ असं चाहत्यांना सांगायला त्यातला एकही तयार नसतो. म्हणून २० जुलैच्या आधी मधल्या फळीतल्या संघाबद्दल ‘हे विकणारच’ असं कोणी ठामपणे लिहिलं तर तो त्याचा अंदाज समजावा. पुढची आठ-दहा मॅचेस कशी जातात त्यावर त्या कार्यालयाचा निर्णय खरोखरच पालटतो. ठाम बोलता येतं ते तळाच्या चार-पाच संघांबद्दल.

आता मुख्य गोष्ट, ज्याला तिथे ‘कंट्रोल’ म्हणतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा, होऊ शकतो. मेजर लीग संघाच्या यादीवरचे १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात (२०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढच्या तीन वर्षांत लवादाच्या आधाराने पगार चढतो. त्यामुळे खेळाडूची बाजारातली किंमत दोन गोष्टींवर ठरते: तो किती चांगला आहे, आणि आणखी किती वर्षं स्वस्तात हाताशी राहणार आहे. हंगामाअखेर ज्याचा करार संपतो तो ‘रेंटल’, दोन महिन्यांचा भाडेकरू.

२०२५ च्या डेडलाइनला हा फरक स्वच्छ दिसला. अॅरिझोनाचा युहेनियो सुआरेझ तेव्हा ३६ होमरन मारून बसला होता आणि बाजारातला सगळ्यात दणकट बॅटर होता. पण त्याचा करार त्याच वर्षी संपत होता. सिअॅटल मरिनर्सनी त्याच्यासाठी टायलर लॉकलियर आणि दोन तरुण रिलीव्हर दिले, आपले पहिल्या रांगेतले प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) राखूनच. त्याच दिवसांत अॅथलेटिक्सचा रिलीव्हर मेसन मिलर पाद्रेजकडे गेला. रिलीव्हर म्हणजे सामन्यात एखादी इनिंग टाकणारा माणूस. पण मिलर २०२९ पर्यंत संघाच्या ताब्यात राहणारा होता. जे. पी. सिअर्ससह त्याच्यासाठी पाद्रेजना लिओ डी व्रीस हा बेसबॉलमधल्या सर्वोत्तम प्रॉस्पेक्टपैकी एक गणला जाणारा शॉर्टस्टॉप आणि शिवाय तीन पिचर मोजावे लागले. म्हणून ‘रेंटल’ बॅटरच्या बदल्यात तुमच्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा प्रॉस्पेक्ट मागितलाय अशी बातमी आली, तर विकणारा मागत असेलही. मिळेल असं धरू नका. अशा किमती कधी मिळाल्याच नाहीत असं नाही. २०१६ मध्ये कब्जनी अरोल्डिस चॅपमनच्या दोन-तीन महिन्यांसाठी ग्लेबर टोरेससह चार खेळाडू यँकीजना दिले आणि १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. पण ती मजल क्वचितच कोणी मारतं.

विकणाऱ्याचीही एक खालची मर्यादा असते, ती ओळखता आली की अर्ध्या अफवा आपोआप गळतात. करार संपणाऱ्या मोठ्या खेळाडूला हंगाम संपल्यावर संघ ‘क्वालिफाइंग ऑफर’, म्हणजे ठरलेल्या पगाराचा एका वर्षाचा प्रस्ताव, देऊ शकतो. त्याने ती नाकारून दुसरीकडे सही केली तर मूळ संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत) जादा निवड मिळते. हंगामाच्या मध्ये ट्रेड झालेल्या खेळाडूला ही ऑफर देता येत नाही, त्यामुळे घेणाऱ्या संघाच्या हाती नंतर काहीच उरत नाही. म्हणजे विकणारा संघ मनात हिशेब करतो की या माणसाला तसाच ठेवला तर मला एक निवड मिळणार आहे, तुमचा प्रस्ताव तिच्याहून सरस आहे का? नसेल तर ट्रेड होत नाही, आणि चाहते विचारत बसतात की का नाही विकला. ही ऑफर कारकिर्दीत एकदाच देता येते, तेव्हा खेळाडूला ती आधी मिळून गेली आहे का हेही पाहावं. मिळून गेली असेल, तर त्याला ठेवून घेण्याचं हे एक कारण बाद होतं.

आता नकाराचा हक्क. ज्या खेळाडूची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात गेली, त्याला कुठलाही ट्रेड नाकारता येतो. याला दहा-पाचचा हक्क म्हणतात. बाकीच्यांच्या करारात नो-ट्रेड क्लॉज असू शकतो, पूर्ण किंवा ठरावीक संघांच्या यादीपुरता. अफवा वाचणारे ही पायरी हमखास गाळतात. २०२२ मध्ये हुआन सोटो वॉशिंग्टनहून पाद्रेजकडे गेला, त्या व्यवहारात पाद्रेजचा एरिक हॉस्मर वॉशिंग्टनला जाणार असं ठरलं होतं. त्याच्या नकाराच्या यादीत वॉशिंग्टन होतं आणि त्याने हक्क वापरला. काही तासांत त्याच्या जागी लूक व्हॉइट गेला आणि हॉस्मर बॉस्टनला रवाना झाला. २०२३ मध्ये टायगर्स आणि डॉजर्स यांचं एदुआर्दो रॉड्रिगेझबद्दल जमलं होतं. डॉजर्स त्याच्या दहा संघांच्या यादीत होते आणि तो नाही म्हणाला. हंगाम संपल्यावर त्याने करारातून बाहेर पडण्याची मुभा वापरली आणि टायगर्सच्या हातात काहीच राहिलं नाही. म्हणून करार पाहताना ‘ऑप्ट-आउट’ आहे का तेही पाहायचं. कागदावर तीन वर्षं उरलेला पिचर प्रत्यक्षात रेंटल असू शकतो, आणि उलट वाईट खेळला तर तीच तीन वर्षं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतात. असा खेळाडू विकायला फार जड जातो. त्याच्याबद्दलच्या अफवा खूप येतात, ट्रेड कमी होतात.

पैशाची बाजू मेट्सच्या चाहत्याला तरी समजायलाच हवी. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही, लक्झरी टॅक्स आहे. २०२५ मध्ये त्याची पहिली रेषा २४ कोटी १० लाख डॉलर होती आणि चौथी ३० कोटी १० लाख. सलग तिसऱ्या वर्षी किंवा त्याहून अधिक काळ रेषेबाहेर असलेला संघ चौथ्या रेषेच्याही पुढे गेला की वरच्या प्रत्येक डॉलरवर ११० टक्के कर बसतो. हिशेब करू. एका वर्षाच्या करारावर दीड कोटी डॉलर घेणारा पिचर ३१ जुलैला घेतला, तर जवळपास एक तृतीयांश हंगाम बाकी असतो, म्हणजे ५० लाख पगार उरतो. मेट्स किंवा डॉजर्ससारख्या संघाला त्यावर ५५ लाख कर, एकूण १ कोटी ५ लाख. तोच पिचर रेषेच्या खाली असलेल्या संघाला ५० लाखांतच पडतो. त्यामुळे वरच्या संघांच्या बाबतीत ‘विकणारा संघ पगारातला किती वाटा उचलणार’ हा प्रश्न प्रॉस्पेक्टच्या नावाइतकाच मोठा असतो, आणि बातमीत त्याचा उल्लेखच नसेल तर बोलणी अजून कच्ची आहेत असं मी धरतो.

हेच गणित उलटही चालतं: विकणाऱ्याने पैसे घातले की त्याला प्रॉस्पेक्ट चांगला मिळतो. २०२३ मध्ये मेट्सनी मॅक्स शेर्झर रेंजर्सना दिला तेव्हा सोबत सुमारे साडेतीन कोटी डॉलरही दिले आणि लुईसांहेल अकुन्या घेतला. दोन दिवसांनी व्हर्लँडर अॅस्ट्रोजकडे परत गेला. तिथेही मेट्सनी पैसे मोजले आणि ड्रू गिल्बर्ट व रायन क्लिफर्ड हे दोघे आले. दोन वर्षांनी, २०२५ च्या डेडलाइनला, त्याच गिल्बर्टला आणखी दोघांसह जायंट्सकडे पाठवून मेट्सनी टायलर रॉजर्स हा रिलीव्हर आणला, तोही रेंटल. त्या वेळी त्यांनी रायन हेल्सली, ग्रेगरी सोटो आणि सेड्रिक मलिन्स यांनाही घेतलं, तरी पोस्टसीझन हुकलं ते हुकलंच. मुलाला हे दाखवायला हरकत नाही की आज ‘भविष्य’ म्हणून आलेला पोरगा दोन वर्षांनी स्वतःच चलन होतो.

आता बातमी कशी वाचायची ते. बातम्यांच्या भाषेच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची ‘रस आहे’, ‘चौकशी केली’, ‘लक्ष ठेवून आहेत’. यांचं वजन जवळपास शून्य. त्याच्या वर ‘बोलणी सुरू आहेत’. इथे दोन्ही बाजूंनी नावांची देवाणघेवाण झालेली असू शकते. मग ‘जवळ आलंय’. हाही फसवा शब्द आहे: २९ जुलै २०२१ ला शेर्झर पाद्रेजकडे जाण्याच्या बेतात असल्याच्या बातम्या होत्या आणि रात्रीपर्यंत तो ट्रे टर्नरसह डॉजर्सकडे निघाला होता. शेर्झरकडे दहा-पाचचा हक्क होता, तेव्हा तो कुठे जायला राजी आहे याला महत्त्व होतं. सगळ्यात वर ‘ठरलं, वैद्यकीय कागदपत्रं बघायची बाकी’. इथे पैज लावायला हरकत नाही, पण जर्सी अजून घेऊ नका.

प्रत्येक पायरीवर विचारा की हे कोणी सांगितलं असेल. ‘पाच-सहा संघ मागे लागलेत’ ही बातमी बहुधा विकणाऱ्याकडून येते, भाव चढवायला. ‘अमुक संघ मोठी उडी घ्यायच्या तयारीत’ ही घेणाऱ्याकडून. कधी चाहत्यांना धीर द्यायला, कधी दुसऱ्या विक्रेत्याला ‘आमच्याकडे पर्याय आहेत’ असं सुचवायला. खेळाडूला काय हवं आहे याचं बारीक वर्णन असेल तर बोलणारा एजंट असण्याची शक्यता जास्त. गॅरेट क्रोशेचं २०२४ चं उदाहरण घ्या. जुलैच्या शेवटी बातमी आली की ट्रेड झाला तर दीर्घ कराराशिवाय तो ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पोस्टसीझनमध्ये, पिचिंग करणार नाही. त्याच्या कंट्रोलची अडीच वर्षं बाकी होती, बाजारात त्याला मागणी होती, तरी डेडलाइनला तो व्हाइट सॉक्समध्येच राहिला. डिसेंबरमध्ये बॉस्टनने त्याच्यासाठी चार प्रॉस्पेक्ट दिले. डेडलाइनला एक अफवा ‘खोटी’ ठरली ती अशी. आणि ‘प्रतिस्पर्धी संघातल्या अधिकाऱ्याच्या मते’ असं सुरू होणारं वाक्य सरळ ओलांडून पुढे जावं. तो अधिकारी व्यवहारात नसतो, तोही आपल्यासारखाच अंदाज बांधत असतो.

वार्ताहरांबद्दल थोडक्यात. केन रोझेंथल, जेफ पॅसन ही देशपातळीवरची नावं. त्यांनी ‘ठरलं’ म्हटलं की बहुधा ठरलेलं असतं. पण एखाद्या संघासोबत रोज फिरणारा स्थानिक वार्ताहर त्या संघाच्या गरजा आणि दुखापती त्यांच्याहून चांगल्या ओळखतो. विकणाऱ्या शहराचा आणि घेणाऱ्या शहराचा, अशा दोन वार्ताहरांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं की बातमीला वजन येतं. दुसऱ्याने पहिल्याचाच हवाला दिला असेल तर स्रोत एकच मोजायचा. चांगल्या वार्ताहरांचाही पाय घसरतो. डिसेंबर २०२३ मध्ये फ्री एजंट झालेला स्टार खेळाडू शोहेई ओहतानी टोरंटोला निघालाय अशी बातमी एका नामांकित वार्ताहराने दिली, मग मागे घेऊन माफी मागितली. तोतया खाती वेगळीच. निळी खूण आता विकत मिळते, तेव्हा तिच्यावर जाऊ नका. खात्याच्या पत्त्यातली अक्षरं नीट वाचा, कारण छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ ही जुनी युक्ती आहे. तोतयाची पोस्ट बहुतेकदा फारच नेटकी असते: दोन्ही बाजूंची सगळी नावं, रक्कम, सगळं एका दमात. खरी बातमी तुकड्या-तुकड्यांनी येते. आधी मोठं नाव, मग संघ, मग बदल्यातला मुख्य प्रॉस्पेक्ट, आणि उरलेले दोघे तासाभराने.

वैद्यकीय कागदपत्रं हा शेवटचा अडथळा आहे आणि लोक त्याला औपचारिकता समजतात. मेट्सच्या चाहत्यांनी तरी समजू नये. २९ जुलै २०१५ ला विल्मर फ्लोरेस आणि झॅक व्हीलर यांच्या बदल्यात मिलवॉकीचा कार्लोस गोमेझ येणार अशी बातमी सामना चालू असताना फुटली. प्रेक्षकांनी फोनवर वाचलं, फ्लोरेसला कळलं, आणि तो मैदानावर डोळे पुसत खेळत राहिला. सामन्यानंतर जनरल मॅनेजर सँडी अॅल्डरसन यांनी सांगितलं की हा ट्रेड होणार नाही. गोमेझच्या खुब्याच्या सांध्याबद्दल मेट्सना शंका असल्याचं कारण पुढे आलं, दुसऱ्या बाजूने ते नाकारलं. गोमेझ दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला गेला. ३१ जुलैला मेट्सनी टायगर्सकडून योएनिस सेस्पेदेस घेतला, ज्याने उरलेल्या ५७ सामन्यांत १७ होमरन मारले, आणि त्याच रात्री फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना जिंकून दिला. मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. बातमी देणाऱ्यांनी काही बनवून सांगितलं नव्हतं. व्यवहार खरंच तिथवर आला होता.

याहून विचित्र प्रकार २०१६ चा. पाद्रेजनी अँड्र्यू कॅशनर आणि कॉलिन रेआ हे पिचर मायामीला दिले. रेआचं कोपर मायामीसाठीच्या पहिल्याच सामन्यात दुखावलं. दोन दिवसांत तो पाद्रेजकडे परत आला आणि त्याच्या बदल्यात लुईस कॅस्टिलो मायामीला परत गेला. हाच कॅस्टिलो पुढे सिनसिनाटीचा मुख्य पिचर झाला आणि २०२२ च्या डेडलाइनच्या चार दिवस आधी मरिनर्सनी त्याच्यासाठी नोएल्व्ही मार्टेसह चार प्रॉस्पेक्ट मोजले. सांगायचं ते असं की पिचरच्या ट्रेडमध्ये ‘कागदपत्रं बाकी’ हे शब्द जास्त गंभीरपणे घ्यावेत. खांदा आणि कोपर यांचे जुने अहवाल पाहून संघ माघार घेतात किंवा किंमत पाडून मागतात.

काही अफवा नियमांच्या एका ओळीवरच संपतात. ‘पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड देणार’ हे बास्केटबॉलमध्ये चालतं. बेसबॉलमध्ये नेहमीच्या फेऱ्यांतल्या निवडींचा व्यवहार होत नाही. फक्त लहान बाजारपेठेच्या संघांना मिळणाऱ्या ‘कॉम्पेटिटिव्ह बॅलन्स’ निवडी देता-घेता येतात. २०२५ च्या जुलैत ओरिओल्सनी ब्रायन बेकर हा रिलीव्हर देऊन रेजकडून ३७ व्या क्रमांकाची निवड घेतली ती अशीच. याच जुलैत ड्राफ्ट झालेला पोरगा वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत कुणालाच देता येत नाही, तेव्हा त्याचं नाव असलेली पोस्ट वाचण्यात वेळ घालवू नका. ‘प्लेयर टू बी नेम्ड लेटर’ मात्र खरा प्रकार आहे: नाव सहा महिन्यांच्या आत ठरवायचं, बहुधा आधी मान्य झालेल्या छोट्या यादीतून. शिवाय ४० जणांच्या रोस्टरवर (संघाच्या अधिकृत यादीवर) जागा लागते. एका बदल्यात तिघे येणार असतील तर घेणारा कोणाला काढणार, हे विचारून पाहा. उत्तर नसेल तर अफवेत काहीतरी राहून गेलंय.

शेवटच्या दोन दिवसांत फोनपेक्षा लाइनअप, म्हणजे त्या दिवशी खेळणाऱ्यांची यादी, पाहणं बरं. धडधाकट खेळाडू अचानक यादीतून गायब झाला, किंवा ज्याची पाळी होती तो पिचर ऐनवेळी बदलला, तर संघ त्याला दुखापतीपासून जपतोय असा अर्थ निघू शकतो. डगआउटमधल्या (मैदानाकडेच्या संघाच्या बैठकीतल्या) मिठ्या हाही लोकांचा आवडता पुरावा आहे. पण कधी कधी माणूस नुसताच थकलेला असतो.

तर जर्सी. खेळाडूचा करार याच वर्षी संपतोय आणि संघ शर्यतीतून बाहेर पडलाय: थांबा. संघ शर्यतीत आहे, किंवा खेळाडूची दोन-तीन वर्षं बाकी आहेत: घ्या. त्याच्याकडे दहा-पाचचा हक्क किंवा पूर्ण नो-ट्रेड असेल तर बहुधा निर्धास्त, पण शेर्झर आणि व्हर्लँडर दोघांनीही असा हक्क बाजूला ठेवून होकार दिला होता हे लक्षात असू द्या. सगळ्यात धोक्याचा म्हणजे ‘प्रॉस्पेक्ट’, जो नुकताच वर आलाय आणि ज्याच्या जागेवर संघात आणखी कोणी आहे. तुमच्या मुलाचा आवडता तो असेल तर डेडलाइनच्या दुसऱ्या दिवशी मागवा. एक-दोन दिवसांत येणारी डिलिव्हरी मिळते, वाढदिवस गाठता येईल. नाव छापलेली जर्सी सहसा परत घेत नाहीत. काही दुकानं खेळाडूचा संघ बदलल्यास ठरावीक मुदतीत बदलून देतात, पण अटी आधी वाचा.

डेडलाइन उलटल्यावरही बातम्या थांबत नाहीत, त्यातलं काय शक्य आहे ते सांगून थांबतो. त्या हंगामात ४० जणांच्या रोस्टरवर एकदाही न आलेला मायनर लीगचा (मेजरच्या खालच्या पातळीवरचा) खेळाडू ट्रेड होऊ शकतो. बाकीच्यांसाठी उरतात ते वेव्हर्स: संघाने खेळाडू सोडायला काढला तर दुसरा संघ त्याचा उरलेला पगार उचलून त्याला घेऊ शकतो, आणि ज्या संघांची कामगिरी वाईट त्यांना आधी विचारलं जातं. ३१ ऑगस्टपर्यंत संघात आला तरच तो पोस्टसीझनला पात्र. २०२३ मध्ये एंजल्सनी ओहतानीला विकायचं नाही असं ठरवून उलट लुकस जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ विकत घेतले, बदल्यात एडगर केरो आणि काय बुश दिले. मग ऑगस्टभर हरत गेले. महिन्याच्या अखेरीस टॅक्सच्या रेषेखाली येण्यासाठी त्यांनी याच दोघांसह पाच-सहा जण वेव्हर्सवर टाकले. जिओलिटो, लोपेझ आणि मॅट मूर हे तिघेही क्लीव्हलँडने उचलले, बदल्यात एकही खेळाडू न देता. डिसेंबरमध्ये ओहतानी डॉजर्सकडे गेला आणि एंजल्सना ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीनंतरची एक निवड मिळाली. तेव्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ‘वेव्हर्स’ शब्द दिसला तर बातमी नीट वाचा. ‘ट्रेड’ दिसला आणि खेळाडू मेजर लीगमधला असेल, तर उघडायचीही गरज नाही.